गायधनींचा सायलेन्सर

पन्नाशी ओलांडलेला, चष्म्याला दोरी बांधणारा, जेवणानंतर बडीशेपेचे मोजून अकरा दाणे खाणारा माणूस एके दिवशी आठ सिलिंडरची लालभडक पिकअप घेऊन दारात उभा राहिला. आमच्या कंपाऊंडमधल्या मराठी मंडळींनी त्या दिवशी जे तोंड उघडलं, ते पुढे चार महिने मिटलं नाही.

तो माणूस म्हणजे शरद गायधनी. मूळचे नाशिकचे. सौदी अरेबियात अबकैकजवळच्या एका गॅस कॉम्प्रेसर स्टेशनवर ते फिरत्या यंत्रांचे इंजिनिअर होते आणि मी तिथेच इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. म्हणजे यंत्राला ताप आला तर मी थर्मामीटर लावायचा आणि त्यांनी नाडी बघायची. ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी आरडाओरडा करून टाळ्या मिळवायचो, म्हणून मला 'नटवर्य' म्हणायचे. या हाकेतला कुचकेपणा मी सोयीस्करपणे ऐकून न ऐकल्यासारखा करायचो.

नाडी बघायची त्यांची रीत अशी. फूटभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान व्हायचं, आणि ते नेहमी स्वयंपाकघरातून यायचं. "हा पंप पिठल्यासारखा रटरटतोय." "यात मोहरी तडतडते आहे, तेल कमी पडलंय." एकदा एका कॉम्प्रेसरबद्दल म्हणाले, "आत कुणीतरी खवणीवर नारळ खवतंय, नटवर्य. थांबवा."

मी माझे कागद दाखवले. कंपनाचे आकडे हिरव्या रेघेच्या बरेच खाली होते.

"तुझे आकडे शिकलेले आहेत," ते म्हणाले, "पण त्यांना नारळ माहीत नाही."

स्टेशनचे सौदी सुपरिंटेंडेंट अबू फैसल यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि यंत्र थांबवायला सांगितलं. उघडलं तर बेअरिंगचा पिंजरा तुटायच्या बेतात होता. जवळ सहा माणसं काम करत होती. त्या दिवसापासून अबू फैसलचा नियम झाला: गायधनींनी ऐकून सही केल्याशिवाय दुरुस्तीतून आलेलं एकही यंत्र सुरू करायचं नाही. ती सही किती जड होती हे आम्हाला पुढे कळलं.

तर पिकअप. ठेंगणी, रुंद, शर्यतीच्या इंजिनाची, आणि बसायला एकच लांब बाक. देश सोडून जाणाऱ्या एका अमेरिकन माणसाकडून घेतलेली. तेव्हा तिथे बायकांना गाडी चालवता येत नसे, म्हणजे वाणसामानापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सुलभावहिनींना या रथातूनच जावं लागे. अबाया सावरत त्या वर चढायच्या तेव्हा आम्ही सभ्य माणसं दुसरीकडे बघायचो. मधे मैत्रेयी, त्यांची एकुलती एक मुलगी, बारावीला, दमामच्या भारतीय शाळेत.

"बाबा, प्लीज, गेटपर्यंत नको. होल बस वॉज लुकिंग," ती म्हणायची.

"बघू दे. फुकट आहे," बाबा म्हणायचे.

एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी 'म्हातारचळ' म्हणून विषय संपवला असता. पण गायधनींनी सायलेन्सर बदलायला काढला. तिकडे त्याला शकमान म्हणतात, आणि तिथल्या तरुण पोरांचा तो जीव की प्राण. शुक्रवारी संध्याकाळी ती पोरं समुद्राकाठच्या रस्त्यावर शकमान वाजवत फिरतात. त्यांच्या रांगेत आमचे गायधनी, दोरीचा चष्मा आणि इस्त्रीचा बुशशर्ट घालून!

दमामच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, रशीद उस्तादचं दुकान होतं. गुजरांवालाचा माणूस, दाढी मेंदीची, भिंतीवर सायलेन्सर टांगलेले. दर गुरुवारी सुट्टीला गायधनी तिथे जायचे आणि करमणूक म्हणून मी बरोबर. निवड तीनांत होती. पहिला गाडीचा मूळचा. "तोंडात बोळा कोंबलेला माणूस," गायधनी म्हणाले आणि तो बाद झाला. दुसऱ्यात भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर. आवाज मोकळा, गुळगुळीत, वरच्या पट्टीतला. मला आवडला. रशीदलाही आवडला. तिसरा म्हणजे एक चपटा पत्र्याचा डबा, आत तिरप्या भिंतींचे कप्पे. आवाज त्या भिंतींवर आपटून बाहेर यायचा तो घोगरा होऊन, आणि हमरस्त्यावर एका ठरावीक वेगाला तर आख्खी केबिन ढोलासारखी घुमायची. दहा मिनिटांत माझं कपाळ ठणकायला लागलं.

"साहब, ये वाला जवान लड़के लेते हैं," रशीद म्हणाला. "दो महीने में निकलवाने आते हैं. बीवी आ जाती है ना."

"मेरी तो पहले से है," गायधनी म्हणाले. "यही लगाओ. अभी कच्चा. सुनके बताता हूँ."

त्यांच्याजवळ एक वही होती. प्रत्येक सायलेन्सरला एक पान, आणि पानावर तीन रकाने: कानात, छातीत, पोटात. कुठल्या वेगाला आवाज कुठे लागतो याची नोंद. मी वही हातात घेऊन रशीदला नाट्यपूर्ण वाचन करून दाखवलं, तो पोट धरून हसला. गायधनीही हसले. 'कानात'चे रकाने जवळजवळ सगळे कोरे होते. ते मी पाहिलं आणि त्यावरही एक कोटी केली. कुठली ते आता आठवत नाही, हेच बरं.

परतताना आणखी एक गोष्ट झाली, तीही मी विनोदात जमा केली. तिकडच्या गाड्यांना एक सोय असायची: ताशी एकशेवीसच्या वर गेलात की डॅशबोर्डमधून टिंग टिंग टिंग सुरू. ते कर्कश टिणटिण कुणी दोन मिनिटं सहन करत नाही, पाय आपोआप उचलला जातो. गायधनींनी त्या दिवशी वीस मिनिटं ते वाजू दिलं. चेहऱ्यावर समाधी. मधेच म्हणाले, "शांत वाटतं नाही या रस्त्याला?" मी कंपाऊंडमध्ये त्या समाधीची नक्कल करून दाखवली. फर्माईश आली, पुन्हा केली.

पुढच्या शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. गायधनी आत विडा लावत होते तेव्हा सुलभावहिनी पोळ्यांचा डबा घेऊन माझ्याजवळ आल्या. डोळे भरलेले.

"भाऊजी, तुमचं ऐकतात ते. तो भोंगा काढायला सांगा ना. मार्चमध्ये मैत्रेयीची बोर्डाची परीक्षा आहे. त्या गाडीतून उतरली की तासभर डोकं धरून बसते. शेजारच्या दोन घरांनी बोलणं टाकलंय."

"तुम्ही सांगून बघितलंत?"

"माझं ऐकतात कुठे हल्ली! मी बोलत असते आणि हे भिंतीकडे बघतात. पूर्वी असे नव्हते हो. काय बिनसलंय तेही सांगत नाहीत."

आता माझ्यातला नाटकवाला जागा झाला. मी म्हटलं, "वहिनी, सांगायचं कशाला? सायलेन्सर तोच राहू दे. मधल्या नळीत आणखी एक छोटा डबा बसवून घेऊ, चासीच्या आड, दिसायचा नाही. आवाज निम्म्याच्या खाली येईल. मी असं वातावरण तयार करतो की त्यांना वाटेल सिंह डरकाळी फोडतोय."

वहिनी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात. "चालेल?" त्यांनी विचारलं.

"धावेल," मी म्हणालो.

गुरुवारी तिसरा सायलेन्सर कायमचा वेल्डिंग करायचा होता. गायधनींना मी पुस्तकांच्या दुकानात सोडलं आणि रशीदला येऊन बेत सांगितला. त्याने वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

"नहीं साहब. ये धोखा है."

"अरे, उनकी बीवी ने कहा है. बच्ची का इम्तिहान है."

"तो साहब को बोलो. जो आदमी इतना सुनके लेता है, उसको दूसरी चीज़ लगा के दूँ?"

तेवढ्यात अजान झाली. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं आणि तो नमाजाला गेला. मी आत सायलेन्सरांच्या रांगेखाली बसून राहिलो. तो परत आला. खालच्या फळीवरून छोटा डबा काढला, म्हणाला, "बच्ची के लिए," आणि गाडीखाली शिरला.

गायधनी आले. उत्सुक, लग्नाला निघाल्यासारखे. बसले, किल्ली फिरवली. चेहरा तसाच राहिला. पाय दिला. बंद केली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पाय दिला, या वेळी जोरात. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"नटवर्य, तुला ऐकू येतंय?"

मित्रहो, मंडळाच्या रंगमंचावर मी अनेक कामं केली, पण त्या दिवशी केलं तसं कधीच नाही. मी दोन्ही कानांवर हात दाबले, मागे दोन पावलं लडखडलो आणि ओरडलो, "अहो बंद करा! छाती फुटेल! मागच्या आठवड्यापेक्षा दुप्पट आहे!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो ना? दुप्पट." रशीदने पाठ फिरवली होती. अबकैकपर्यंत गायधनी शंभराच्या पुढे गेले नाहीत. मी घरी येऊन वहिनींना फोन केला: प्रयोग यशस्वी.

शनिवारी सकाळी कंट्रोल रूममध्ये कुणीतरी म्हणालं, "गायधनी अबू फैसलकडे गेलेत, दार लावून बसलेत." तासाभराने ते बाहेर आले आणि मला कॉफीच्या यंत्राजवळ घेऊन गेले.

"माझ्या सह्या आजपासून बंद," ते म्हणाले. "कान गेलेत."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलो. ते थांबले, मला पुरतं हसू दिलं.

"दीड वर्ष झालं. आधी वरचे सूर गेले. पाखरं, टेलिफोन, सुलभाचं बोलणं. मोठ्याने बोलली तरी शब्द कळत नाहीत. पण यंत्रातलं बरंचसं दुखणं खाली बोलतं, आणि खालचं मला ऐकू येत होतं. म्हटलं, मैत्रेयीची परीक्षा मार्चमध्ये, कानांची तपासणी एप्रिलमध्ये. तेवढं निभवायचं. मागच्या वर्षी नर्सच्या खांद्याकडे बघत होतो. बटण दाबण्याआधी तिचा खांदा हलायचा. यंदा मधे पडदा लावलाय म्हणतात."

"आणि गाडी?"

"खालचे सूर किती उरलेत ते रोज मोजायला गाडी. यंत्रापाशी मोजून चालत नाही, तिथे चुकलं तर माणसं मरतात. घोगऱ्यात घोगरा सायलेन्सर लावायचा, आणि तो जोवर कळतोय तोवर मी सही करायची. असं ठरवलं होतं." त्यांनी कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांनी धरला होता. "गुरुवारी तो तुझी छाती फोडत होता आणि मला नुसतं घर्रर्र. आठवड्यात एवढं गेलं. आता नाही जमायचं. तू होतास म्हणून कळलं रे. एकटा असतो तर म्हटलं असतं, रशीदने नीट बसवला नसेल."

माझं तोंड उघडं होतं. त्यातून शब्द यायला हवा होता. आमच्या बाजूने कुणीतरी गेलं, गायधनींना सलाम केला, आणि त्या अवधीत मी तोंड मिटलं. खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटली.

दुपारी त्यांची तपासणी झाली. वरचे सूर जवळपास नाहीतच, खालचे बरे आहेत, असं डॉक्टर म्हणाला. गायधनींना ते पटलं नाही. "त्याच्या पेटीपेक्षा माझी गाडी खरी," म्हणाले. कागद मात्र कागद असतो. फील्डवर, म्हणजे यंत्रांपाशी, काम करायला अपात्र. आणि त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, हुद्दा फील्डवरच्याच इंजिनिअरचा. म्हणजे खलास, फायनल एक्झिट, देश कायमचा सोडायचा. बापाचा इकामा गेला की बायकोचा आणि मुलीचाही जातो. जानेवारीचा शेवट होता. परीक्षेचं केंद्र दमामचं, ऐन वेळी भारतात हलवता येत नाही असं शाळेने सांगितलं. मैत्रेयीचं वर्ष गेल्यात जमा.

वहिनींनी मला गाठलं तेव्हा त्यांचा रंग उडालेला होता. "भाऊजी, आपण केलं का हे?"

"नाही हो," मी म्हणालो. "कान आधीच गेले होते." हेही खरंच होतं. अर्धं खरं बोलायला फार अभिनय लागत नाही.

अबू फैसल फारसं न बोलणारा माणूस. त्याने एक्झिटच्या कागदावर एक ओळ लिहिली: कामाचं हस्तांतर अपूर्ण. दर शनिवारी वरच्या कचेरीतून विचारणा यायची आणि दर शनिवारी तो तीच ओळ पुन्हा लिहायचा. मी एकदा आभार मानायला गेलो तर म्हणाला, "कसले आभार? गायधनी हस्तांतर फार सावकाश करतो," आणि मान खाली घालून लिहू लागला. नऊ शनिवार त्याने लिहिलं. कारण हस्तांतर गायधनी ज्याला करत होते तो मी होतो, आणि मला नारळ काही केल्या कळत नव्हता. त्यात अभिनय नव्हता.

मैत्रेयीने शेवटचा पेपर दिला. सामान बांधलं गेलं, आणि पिकअप एका हौशी सौदी तरुणाने पसंत केली. घेण्याआधी खालून बघायची म्हणाला. कुठे? रशीदकडेच. मी जायला नको होतं आणि मी गेलो.

गाडी लिफ्टवर चढली. गिऱ्हाईक एका बाजूने, गायधनी दुसऱ्या बाजूने खाली शिरले. गिऱ्हाइकाने वर बोट दाखवून अरबीत काही विचारलं. रशीद हातातलं फडकं पिळत उभा राहिला.

गायधनींनी तो छोटा डबा पाहिला. वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवलं. याचं आणि मागच्या सायलेन्सरचं वेल्डिंग एकाच दिवशीचं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते बाहेर आले आणि हात पुसत माझ्यासमोर उभे राहिले.

"गुरुवारी?"

मी मान हलवली.

"तू म्हणालास दुप्पट."

"हो."

"कुणाची कल्पना?"

"माझी," मी म्हणालो. ते तसेच बघत राहिले. दीड वर्ष माणसांचे ओठ बघून बघून त्यांची नजर फार बारीक झाली होती. "वहिनींना माहीत होतं," मी म्हणालो.

गिऱ्हाईक टायर बघत होतं.

"म्हणजे त्या दिवशी माझे कान आदल्या आठवड्याएवढेच होते," ते म्हणाले. "डॉक्टर खरं बोलत होता."

मी घाईघाईने सुरू केलं. की झालं ते एका परी बरंच झालं, पुढे कधी एखादं यंत्र... त्यांनी हात वर केला.

"नोव्हेंबरात एका कॉम्प्रेसरवर मी अंदाजाने सही केली. कुणाला सांगितलं नाही. काही झालं नाही, पण नऊ दिवस माझं जेवणात लक्ष लागेना. म्हणून तुला सांगतो. बरं झालं की वाईट झालं ते माझं मी बघीन. तू चूक केलीस. बरं झालं म्हणून तिला नटवू नकोस."

मी हो म्हटलं.

"आणि सुलभाला कळता कामा नये, मला कळलं ते. ती आधीच अर्धी झालीये. कारण आत्ता उमगतंय मला. तिला असंच वाटत राहू दे, की नवऱ्याला पत्ता नाही."

मग ते रशीदकडे वळले आणि विचारलं की याने पैसे दिले होते का डब्याचे. रशीद म्हणाला, "नहीं साहब, मैंने लिए नहीं." गायधनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या नाही ठेवला.

दमामच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो. सात बॅगा, दोन खोकी, मैत्रेयी कानात गाणी घालून पुढे. गायधनी ट्रॉलीपाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर, तिकिटं बघत होते. वहिनी माझ्या जवळ आल्या. आवाज खाली आणायची त्यांना आता गरज वाटत नसे. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक वचन द्या. त्या डब्याचं यांना कधी सांगू नका. कळलं तर मरून जातील."

त्या बोलत होत्या आणि गायधनींनी तिकिटांवरून नजर उचलली होती. ती वहिनींच्या ओठांवर होती, वाक्य संपेपर्यंत.

"नाही सांगणार," मी म्हणालो.

"काय म्हणतेय?" गायधनींनी मोठ्याने विचारलं.

"काही नाही हो," वहिनी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "बॅगा मोजल्यात का, विचारतेय."

"अरे हो, त्या राहिल्याच," गायधनी म्हणाले. माझ्यादेखत दोनदा मोजलेल्या बॅगांवर एकेक हात ठेवत, आमच्याकडे पाठ करून, त्यांनी मोठमोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. सातापर्यंत आले, थांबले, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.